झ्विकरसाहेबांचा सेंद्रिय गांजा

वेंडल झ्विकरच्या हाताला झाड जगत नाही, हे गल हार्बरमधल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. त्याची बायको आर्लीन गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॅलिफॅक्सला गेली, तेव्हा जाताना तिने त्याला एवढंच बजावलं होतं, की खिडकीतल्या निवडुंगाला पाणी घालू नकोस. ती परत आली तर निवडुंग बुडून मेला होता. "उगाच तहानलेला वाटला गं," वेंडल म्हणाला. निवडुंग बुडवून मारणारा माणूस अख्ख्या नोव्हा स्कोशियात दुसरा सापडायचा नाही.

तर अशा या माणसाने एका रविवारी चर्चमधून आल्यावर, अंगातला कोटही न काढता, जाहीर केलं, "आर्लीन, तुझ्या हातांसाठी मी घरी गांजा लावणार!"

"तू?" आर्लीन म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण त्या एका 'तू'मध्ये सगळा निवडुंग आला.

वेंडलच्या डोक्यात हे खूळ आलं कुठून, तेही सांगायला हवं. आर्लीनच्या बोटांचे सांधे आखडले होते. दोन हिवाळे झाले, तिला कोबी चिरता आला नव्हता. आता कोबी चिरता आला नाही तर काय बिघडलं, असं ज्याला वाटतं त्याने या किनाऱ्यावर पाऊल ठेवू नये. इथे आंबवलेला कोबी हा निम्मा धर्म आहे, आणि चर्चच्या जेवणात आर्लीनच्या बरणीपुढे लागायची तेवढी रांग पाद्रीबाबांच्या आशीर्वादालाही लागत नसे. मध्यंतरी चर्चच्या गाण्याच्या गटातल्या एका मैत्रिणीने तिला घरच्या गांजाचं मलम दिलं होतं. आर्लीनला त्याने बरं वाटलं. निदान ती तरी तसं म्हणाली. मलम संपलं. दुकानातलं तिला नको होतं. "त्याच्यावर काय काय फवारतात देव जाणे! घरच्या स्वच्छ मातीतलं असतं तर गोष्ट वेगळी," असं ती भांडी पुसता पुसता सहज बोलून गेली. बायका असं दिवसातून दहादा बोलतात, आणि शहाणे नवरे ते सोडून देतात. वेंडल नुकताच निवृत्त झालेला. त्याने ते धरलं.

निवृत्त म्हणजे कुठून निवृत्त? तर गल हार्बर नगरपालिकेच्या नियम-अधिकारी या पदावरून. कुणाचं कुंपण वाढलंय, कुणाच्या अंगणात काय पडलंय, कुणाचा कुत्रा कुठे काय करतो, हे बघून नोटीस बजावणं हे त्याचं काम, आणि ते त्याने जन्मभर अगदी मन लावून केलं. शेजारच्या लॉर्न हिमेलमनची जुनी होडी त्याने पुढच्या अंगणातून उचलायला लावली होती. ज्या निकलबाईंनी त्याला शाळेत पाढे शिकवले, त्यांच्या कोंबड्या त्याने गावाबाहेर घालवल्या होत्या. "नियमाला ओळख नसते, बाई," असं त्यांना तोंडावर सांगून आला होता. आणि गल्लीच्या टोकाला काळोख असतो, हे सुरक्षिततेच्या दृष्टीने बरं नव्हे, म्हणून सगळ्यांचा विरोध मोडून काढत त्याने स्वतःच्या घरासमोर पालिकेचा एक भला मोठा दिवा बसवून घेतला होता. असा दिवा की त्याच्या उजेडात लॉर्नला झोपायच्या खोलीत पेपर वाचता यायचा, आणि लॉर्नला पेपर वाचायचा नसायचा.

तो दिवा जरा लक्षात ठेवा.

इकडे आता कायद्याने घरटी गांजाची चार झाडं चालतात. वेंडलने नियम दोनदा वाचला, मग चार रोपं आणली. पाचवं रोप दुकानदार फुकट देत होता, तर त्याला तिथल्या तिथे समज देऊन आला. घराच्या मागच्या बाजूला स्प्रूसच्या झाडांची दाट सावली, म्हणून कुंड्या पुढच्या अंगणात मांडायच्या ठरल्या. राहता राहिली माती.

"माती मेलेली असेल तर झाड कसं जगेल?" लॉर्न कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला. आयुष्यभर समुद्रात शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, पकडून त्याची पाठ वाकली होती, पण जीभ सरळच राहिली होती. "माती जिवंत हवी, वेंडल. तिच्यात काहीतरी वळवळायला हवं."

"तुला रे काय माहीत गांजातलं?"

"मला?" लॉर्न आकाशाकडे बघत म्हणाला. "छे! आपलं ऐकीव."

दुसऱ्या दिवशी त्याने शेवंडीच्या कवचांची दोन पिंपं आणि समुद्रशेवाळाचा एक ट्रेलर आणून ओतला. त्यात वेंडलने अंड्यांची टरफलं घातली, कॉफीचा चोथा घातला, आणि तळघरात, जिथे आर्लीन कोबीच्या बरण्या ठेवायची बरोबर तिथे, गांडुळांची पेटी थाटली. सकाळी उठून तो आधी गांडुळांना बघायला जायचा. आर्लीनला 'झोप लागली का' असं त्याने कधी विचारलं नव्हतं. गांडुळांना मात्र विचारायचा.

"वेंडल, ही लोणच्याची बरणी उघडून दे रे!" वरून आर्लीनची हाक यायची.

"थांब गं! इथे तुझ्याच हातांचं काम चाललंय!"

बरणी तशीच राहायची.

निकलबाई काठी टेकत पाहणीला आल्या. ऐंशीच्या पुढचं वय, पण अजून समोरच्याच्या नखांकडे बघायची सवय गेली नव्हती. मातीत बोट खुपसून त्यांनी वास घेतला. "बरी आहे. पण कोंबडीखत हवं. माझ्याकडे असतं तर दिलं असतं, वेंडल. पण माझ्याकडे कोंबड्या नाहीत. का नाहीत, ते तुला माहीतच आहे."

"बाई, तुम्हालासुद्धा यातलं कळतं?"

"मिस्टर निकल आजारी होते, तेव्हा मी लावत होते की. तेव्हा कायद्याने परवानगी नव्हती. तू कोंबड्यांच्या चौकशीला आलास ना, त्या दिवशी काचेच्या ओसरीत माझ्या टोमॅटोच्या मागेच होता. तू त्याला नेचा म्हणालास. छान वाढवलाय म्हणालास."

कागदोपत्रीसुद्धा वेंडलने नेचाच लिहिलं होतं. पुढच्या काही दिवसांत त्याच्या ध्यानात आलं की चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई, बँकेचा जुना मॅनेजर, कबरस्तानाचा रखवालदार, ज्याला म्हणून विचारावं त्याला या विषयात 'आपलं ऐकीव' इतकं होतं की पुस्तक लिहून व्हावं. इतकी वर्षं सगळं गाव त्याच्या नाकाखाली नेचे वाढवत होतं. त्याला ते फार लागलं. गुन्हा केल्याचं नव्हे, आपल्याला कुणी सांगितलं नाही याचं.

जूनमध्ये ऊन तापलं आणि शेवंडीची कवचं बोलू लागली. वास असा की टपालवाली बाई पत्रं कोपऱ्यावरूनच भिरकावून पळायची. आणि एका सकाळी पालिकेची गाडी दारात उभी राहिली. आतून शॉना बूड्रो उतरली. वेंडलच्या जागेवर आलेली नवी अधिकारी. तिला वेंडलनेच तयार केलं होतं.

"साहेब, तक्रार आहे. दुर्गंधीची," ती बुटांकडे बघत म्हणाली.

"कोणी केली?"

"मी," कुंपणापलीकडून लॉर्न म्हणाला.

"अरे, कवचं तूच आणून टाकलीस ना!"

"टाकली की. पण वास तुझ्या अंगणातून येतोय. नियमाला ओळख नसते, वेंडल!"

वेंडलने नोटीस घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि वास दबावा म्हणून मातीवर पेंढा अंथरला. हे सगळं त्याने आर्लीनसाठी सोसलं, असं त्याचं म्हणणं. आर्लीन त्या वेळी स्वयंपाकघरात दातांनी बिस्किटांचा डबा उघडत होती.

पण माती जिवंत होती, यात मात्र वाद नाही. झाडं अशी तरारली की जुलैच्या अखेरीस वेंडलच्या डोक्यावर गेली. गल्लीतून जाणारी गाडी हळू व्हायची. वेंडल पाण्याची झारी घेऊन तिथेच घुटमळायचा, कुणीतरी काहीतरी म्हणावं म्हणून. निवडुंगाचा कलंक पुसला जात होता. फक्त एकच घोडं अडलं होतं. फुलं येत नव्हती. पानंच पानं. आणि मलम होतं ते फुलांचं, पानांचं नव्हे.

ऑगस्ट निम्मा सरला. सगळ्या गावाच्या 'नेच्यां'ना कळ्या धरल्या, वेंडलच्या झाडांना नाहीत. अखेर तो नाक मुठीत धरून लॉर्नकडे गेला. लॉर्नने एक बोट वर केलं. बोटाच्या टोकाला दिवा होता.

"याला रात्र लागते, वेंडल. काळोखी, लांब रात्र. रात्र मोठी झाली की त्याला कळतं हिवाळा आला, मग ते फुलतं. तुझ्या झाडांना गेले दोन महिने दिवसच आहे. झोप नाही बिचाऱ्यांना." मग जरा थांबून म्हणाला, "मला वीस वर्षं नाही."

झालं! आपलेच दात आणि आपलेच ओठ. वेंडलने आधी स्वतःच्या बळावर मार्ग काढून पाहिला. दिवस मावळला की तो आर्लीनच्या चादरी घेऊन चारही झाडांना डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळायचा. गल्लीच्या टोकाला चार पांढरी भुतं उभी राहायची. तिसऱ्या संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला आणि आर्लीनच्या माहेरची, कडेला जाळीची वेलबुट्टी असलेली चादर उडून चर्चच्या पाटीला लटकली. आर्लीन ती स्वतः जाऊन घेऊन आली आणि कपाटाला कुलूप लावायला गेली. कुलूप मात्र तिला लावता येईना. तेही वेंडललाच लावावं लागलं.

मग तो पालिकेत गेला. शॉनाने त्याला बसायला खुर्ची दिली. ती त्याचीच जुनी खुर्ची.

"शॉना, तो दिवा तेवढा बंद करून टाक बघू."

"साहेब, तसा बंद नाही करता येत. ज्या ज्या घरावर उजेड पडतो त्या सगळ्यांची लेखी संमती लागते."

"असला मूर्ख नियम केला कुणी?"

शॉना चांगली मुलगी आहे. तिने फक्त टेबलावरचं पेन सरळ केलं. दिवा बसवल्यावर लॉर्नने तो काढून घ्यायचा अर्ज केला होता, तेव्हा तो अर्ज कायमचा बंद पडावा म्हणून वेंडलनेच हा नियम घातला होता.

उजेड तीन घरांवर पडत होता. एक त्याचं स्वतःचं. दुसरं लॉर्नचं. लॉर्न म्हणाला, "सही करतो. पण माझी होडी पुढच्या अंगणात परत येणार. आणि तू तिच्याकडे बघून 'सुंदर आहे' म्हणायचं. रोज नको. रविवारी म्हटलंस तरी चालेल." वेंडल म्हणाला. होडीच्या तळाला तीन भोकं होती. तरी म्हणाला.

तिसरं घर निकलबाईंचं.

"कोंबड्या," निकलबाई म्हणाल्या.

"बाई, गावात कोंबड्यांना बंदी आहे! मी काय करू शकतो?"

"वेंडल, मला नियम शिकवू नकोस, मी तुला शिकवलंय. तक्रार आली तरच पालिका बघते. आणि या गल्लीत कोंबड्यांबद्दल तक्रार करणारा आजवर एकच माणूस निघाला. त्याने शब्द दिला की झालं."

वेंडल टोपी हातात धरून उभा राहिला. पुन्हा दुसरीच्या वर्गात असल्यासारखं वाटलं त्याला. मग हळूच म्हणाला, "तेव्हा... तेव्हा माझं जरा चुकलंच, बाई."

"जरा?"

"बरंच."

"ताठ उभा राहून बोल."

तो ताठ उभा राहून बोलला. मग बाईंनी सही केली. अक्षर अजून फळ्यावरचं होतं.

दिवा विझला त्या संध्याकाळी गल्लीत वीस वर्षांत पहिल्यांदा अंधार झाला, आणि लॉर्नने आपल्या खिडकीतून "आहाहा!" केलं ते चार घरं सोडून ऐकू गेलं. पंधरवड्यात झाडांना कळ्या आल्या. दाट, चिकट, आणि वासाला अशा की शेवंडीची कवचं परवडली म्हणावं. वेंडलने आर्लीनला हाताला धरून अंगणात आणलं. ती बराच वेळ बघत राहिली. "जगवलीस रे," ती म्हणाली. वेंडलला तेव्हा गगन ठेंगणं झालं. आता एवढं फुलू दिलं, वाळवलं, की तिचे हात मोकळे, आणि यंदा कोबी! कोबीचे गड्डे तळघरात येऊन पडलेच होते. आर्लीनने ते सवयीने मागवले होते. चिरणार कोण, हे तिने विचारलं नव्हतं.

"वेंडल, दोन गड्डे चिरून बघतोस का रे? पात्याच्या फळीवर घासायचं फक्त."

"अगं थांब! थोड्या दिवसांत तूच चिरशील!"

पुढे जे झालं त्यात कोंबड्यांचा काही दोष नाही. आता जिवंत माती म्हणजे काय? तिच्यात काहीतरी वळवळतं. आणि जे वळवळतं ते कोंबडीला गल्लीच्या दुसऱ्या टोकाहून कळतं. वेंडल सकाळी दार उघडून बाहेर आला तर निकलबाईंच्या सहाही कोंबड्या त्याच्या कुंड्यांत कमरेपर्यंत उतरल्या होत्या. माती उधळत होती, गांडुळं जात होती, मुळं वर आली होती. एक झाड आडवं, दुसरं आडवं, तिसरं लॉर्नच्या होडीवर रेललेलं. वेंडल घरातल्या सपाता आणि झगा अशा अवतारात, हातात आर्लीनची केरसुणी घेऊन धावला. एक कोंबडी चौथ्या झाडाकडे निघाली होती. तिला त्याने अशी हाक मारली की ती जागीच अंड्याला बसली.

चौथं झाड तेवढं वाचलं.

वेंडल तडक आत गेला आणि फोन उचलला. पालिकेचा नंबर त्याच्या बोटांना पाठ होता. एक तक्रार, आणि दुपारपर्यंत कोंबड्या गावाबाहेर. त्याचं सगळं आयुष्य त्या एका फोनसाठीच तर गेलं होतं! पण तक्रार केली की शब्द मोडला. शब्द मोडला की बाई सही मागे घेणार. सही गेली की दिवा लागणार. दिवा लागला की उरलेलं एकुलतं एक झाड हिवाळा विसरून पुन्हा पानंच काढत बसणार. वेंडलने फोन ठेवला. त्याला असा ठेवताना आर्लीनने जन्मात पाहिलं नव्हतं.

मग त्याने घडीची खुर्ची काढली, त्या झाडाशेजारी मांडली आणि केरसुणी मांडीवर घेऊन बसला. उजाडलं की बसायचा, कोंबड्या खुराड्यात गेल्या की उठायचा. जेवण तिथेच, डुलकी तिथेच. दाढी वाढली. झगा तोच. लोक गाडी हळू करायचे, पण आता झाडासाठी नव्हे. निकलबाई रोज दोन ताजी अंडी आणि टोपलीभर कोंबडीखत घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "बघ, आता आहे माझ्याकडे."

"वेंडल, जरा येतोस का आत?" आर्लीन दारातून विचारायची.

"कसा येऊ? तुझ्या हातांचा प्रश्न आहे!"

आणि मग पालिकेची गाडी पुन्हा आली. शॉना उतरली. या खेपेला ती बुटांकडे नव्हे, सरळ आकाशाकडे बघत होती.

"साहेब, तक्रार आहे. पुढच्या अंगणात निकामी वस्तू बरेच दिवस उघड्यावर ठेवल्याची."

"होडी ना? करू दे! मी नाही केली हं, लॉर्न! शप्पथ!" वेंडल खुर्चीतून ओरडला.

"होडी नाही, साहेब." शॉनाने नोटिशीचा कागद पुन्हा एकदा पाहिला. "नवरा."

"कोणी? कोणी केली ही तक्रार?"

"मी," आर्लीन दारातून म्हणाली. तिने एप्रन बांधला होता. गाठ बांधता आली नव्हती, नुसता अडकवला होता. "नियमाला ओळख नसते म्हणतोस ना? मग ऐक. मे महिन्यापासून तू माझ्या हातांसाठी राबतोयस, आणि मे महिन्यापासून या घरातली एक बरणी उघडलेली नाही. बिस्किटं मी दातांनी काढते. मला झाड नको होतं रे वेंडल. माझे हात चालत नाहीत, तर मला तुझे हवे होते. चांगले धडधाकट दोन आहेत, आणि तू त्यांत केरसुणी धरून बसलायस!"

वेंडलने आपल्या हातांकडे पाहिलं. मग केरसुणी लॉर्नच्या हातात दिली, आणि रोजची अंडी घेऊन आलेल्या निकलबाई त्याच्या खुर्चीत जाऊन बसल्या. स्वतःच्या कोंबड्यांवर त्यांची नजर अशी होती की त्या ओळीने घरी गेल्या.

"निकामी वस्तू किती दिवसांत हलवावी लागते, शॉना?" त्याने विचारलं.

"ताबडतोब, साहेब. तुम्हीच शिकवलंय."

तो आत गेला. त्याने आधी एप्रनची गाठ बांधली. मग लोणच्याची बरणी उघडली, मग मुरंब्याची, मग बिस्किटांचा डबा, मग जे जे म्हणून बंद होतं ते सगळं. मग तळघरातून कोबी वर आणला, आणि आर्लीन खुर्चीत बसून सांगत राहिली. "जाड होतोय... मीठ आता... दाब, अजून दाब, मेला नाही तो!" एक बरणी झाली, दोन झाल्या, चर्चच्या सगळ्या जेवणाला पुरतील एवढ्या झाल्या. ऑक्टोबर सरेपर्यंत रोज हेच. मध्ये लॉर्नने झाड कापून दिलं, निकलबाईंनी ते आपल्या ओसरीत वाळवलं, आणि त्या एका झाडाचं मिळून मलम झालं ते जेमतेम मोहरीच्या बाटलीएवढं.

शेवटच्या गड्ड्याच्या दिवशी वेंडलला मूठच मिटता येईना. बोटं सुजली होती, मनगट ठणकत होतं, अंगठ्याला फळीने चावा घेतला होता. तो स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी दोन्ही हात पुढ्यात ठेवून बसला. समोर ती बाटली होती. मे महिन्यापासूनची कमाई. झाकण उघडायचं होतं, आणि ते दोघांनाही उघडेना. अखेर आर्लीनने बाटली धरली, वेंडलने दातांनी झाकण फिरवलं, आणि ते निघालं.

आर्लीनने बोटभर मलम घेतलं. स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या. आणि आपल्या वाकड्या बोटांनी ते त्याच्या तळव्यावर हळूहळू चोळायला लागली.

"तुझ्यासाठी केलंय ना गं ते!" वेंडल कळवळून म्हणाला.

"गप बस. फरक पडतोय का?"

वेंडलने डोळे मिटले. मलमाला शेवंडीचा वास होता, शेवाळाचा होता, बारीकसा कोंबड्यांचाही होता.

"अजून जरा चोळ," तो म्हणाला. "म्हणजे सांगतो."